कॉमसॉलमध्ये स्टॅबिलायझेशनचा विभागच दिसत नाही

मे_महिना: नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून कॉमसॉल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नागपुरी डेझर्ट कूलरचं मॉडेल करतोय. बाहेरची हवा 47.9 अंश (23 मे 2013 चा आपल्या गावचा विक्रम, सरांची हौस), वेग सेकंदाला 2 मीटर. पाणी उडताना घेतं ती उष्णता ताटीत उणे धरली आहे. म्हणजे अख्ख्या मॉडेलात 47.9 च्या वर काही असायलाच नको. पण ताटीच्या कडेला 53 दाखवतं! सर म्हणाले, "कूलर बनवतोस की गिझर?"

फाइल एका सीनियरची आहे, त्यातच बदल केलेत. जो तो सांगतो स्टॅबिलायझेशन (उत्तरातले खोटे हेलकावे दाबणारी सेटिंग) बघ. माझ्याकडे त्या नावाचा विभागच नाही. दोनदा काढून परत इन्स्टॉल केलं. लायसनमध्ये नसेल का?

हिंगणा_एमआयडीसी: लायसनचा काही संबंध नाही भाऊ. मॉडेल बिल्डरच्या वरच्या पट्टीत डोळ्याचं चिन्ह आहे, 'शो मोअर ऑप्शन्स'. त्यात 'स्टॅबिलायझेशन' टिक कर. मग हीट ट्रान्सफरच्या मुख्य नोडवर क्लिक कर, त्याच्या पोटातल्या 'फ्लुइड'वर नाही. मी तिथेच अर्धा दिवस घालवला होता. त्यातले स्ट्रीमलाइन (वाऱ्याच्या दिशेचं) आणि क्रॉसविंड (वाऱ्याला आडवं) दोन्ही मुळात चालू असतात. सीनियरने काढले असतील. विभाग दिसत नसला तरी आतली सेटिंग लागू असतेच.

पेक्ले_काका: जाळी (मेश, म्हणजे हिशोबासाठी मॉडेलचे पाडलेले तुकडे) केवढी ठेवलीस?

मे_महिना: 1 सेंटिमीटर, काका.

पेक्ले_काका: मग हिशोब कर. वेग 2 गुणिले जाळी 0.01 मीटर, भागिले हवेच्या डिफ्युझिव्हिटीची (उष्णता किती झपाट्याने पसरते त्याची) दुप्पट, म्हणजे 0.00005. सेल पेक्ले (एका तुकड्यात उष्णता पसरण्यापेक्षा वाऱ्याने किती पट वाहते तो आकडा) आला 400. तो 1 च्या वर गेला आणि स्टॅबिलायझेशन नसलं की असे हेलकावे येतात. खाली 'आयसोट्रॉपिक डिफ्यूजन' दिसेल, त्याला हात लावू नकोस. चित्र गुळगुळीत येईल, पण खोटी उष्णता पसरवून. त्यापेक्षा ताटीच्या कडेला जाळी बारीक कर.

मे_महिना: सापडलं! पॅनल इतकं चेपून ठेवलं होतं की डोळाच दिसत नव्हता. दोन्ही टिक काढलेल्या होत्या. लावल्या, कडेला जाळी 2 मिलिमीटर केली, आता कमाल 48.0. सीनियरला फोन केला तर म्हणे, "क्रॉसविंडने रन लांबतो म्हणून मीच काढलं होतं, सांगायचं राहिलं बे." दोन इन्स्टॉलेशनचा हॉस्टेलचा डेटा त्याच्याकडून वसूल करणार आहे. सर आता खोलीतला दमटपणा विचारताहेत, त्याचा धागा वेगळा काढतो.