कारवानीचं एक तरी वेत घ्यावं का?

माणदेशी_वारा:
आमची कारवानी कुत्री अडीच वर्षांची झाली. आता माजावर आली की नर लावायचा, असं घरात ठरतंय. आई म्हणते, एकदा व्यायली की मादीचं अंग भरतं, पुढं दुखणी येत नाहीत. डॉक्टर नसबंदी करा म्हणतात. माझं मत वेत घेण्याच्या बाजूने. इकडे जो तो लॅब्राडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड आणतोय. आमच्यासारख्यांनी पिल्लं घेतली नाहीत तर कारवानी टिकायची कशी?

कोथरूडची_मावशी:
दुखण्याचं आधी बाजूला काढा. एका वेताने मादीचा कुठलाही आजार टळत नाही. गर्भाशयात पू होतो तो व्यायलेल्या मादीलाही होतो, वय वाढेल तसा जास्त. नसबंदीने ती भीतीच जाते.

आता पिल्लं. साधारण 63 दिवसांनी समजा सात झाली. दहा-बारा दिवस डोळे मिटलेले, अंगात ऊब धरत नाही, आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. पुढे पातळ खाणं, जंतांचं औषध, सहाव्या आठवड्यापासून लशी. मध्येच पार्वो (विषाणूचा आजार) शिरला तर दोन-तीन दिवसांत निम्मं वेत हातचं जातं. रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू सलाइनसाठी मी धरून बसले आहे. पाय इतका बारीक की डॉक्टरांना शीर सापडत नव्हती. तुमच्याकडे सात घरं तयार आहेत का?

लातूरचा_पश्मी:
मावशी, शहरातल्या पिल्लांच्या बाजाराचा राग गावच्या मादीवर का काढता? आमच्याकडे पश्मी (लांब केसांची शिकारी कुत्री) आणि कारवानी शेतकऱ्यांनीच पिढ्यान् पिढ्या सांभाळली. कुठल्या मादीला कुठला नर, हे जुन्या माणसांना तोंडपाठ असायचं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकने या कुत्र्यांसाठी संशोधन केंद्र काढलं. 2005 साली मुधोळ कुत्र्यावर (तिकडे कारवानीला मुधोळ म्हणतात) टपाल तिकीटही निघालं. पण सगळ्या चांगल्या माद्यांची नसबंदी केली तर केंद्राला तरी जनावर कुठून मिळणार?

कोथरूडची_मावशी:
चांगली कोणी ठरवली? एक नर शर्यतीत गाजला की पंचक्रोशीतल्या माद्या त्याच्याचकडे. दोन पिढ्यांत त्याची लेक त्याच्याच नातवाला लागते. याने जात टिकत नाही, आतून पोखरते.

सोलापूरचा_पशुवैद्य:
मावशींचा हा मुद्दा बरोबर आहे. शिवाय 2017 चे केंद्र सरकारचे नियम आहेत: मादी किमान दीड वर्षाची हवी, वर्षात एकच वेत, जन्मात पाचांपेक्षा जास्त नाहीत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. गावात मात्र 'लहानच न्या, लळा लागतो' म्हणत महिन्याचं पिल्लू आईपासून तोडतात. ते मला अजिबात पटत नाही.

आणि नसबंदी केलीत तर जनावर कारवानी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी, काही भूल औषधांचा अंमल लांबतो.

माणदेशी_वारा:
विकायची नाहीतच. नर विजापूरकडचा बघितलाय, आमच्या मादीशी रक्ताचं नातं नाही. तीन घरं पक्की आहेत, उरलेली वस्तीवर राहतील. मी वेत घेण्यावर ठाम आहे.

लातूरचा_पश्मी:
घ्या बिनधास्त. नराच्या आई-बापाची नावं मात्र वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे जुनी माणसं गेली आणि माहितीही गेली.

कोथरूडची_मावशी:
माझा विरोध कायम आहे. तरी घेणारच असाल तर त्या तीन घरांकडून आत्ताच शब्द घ्या, सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत येईल म्हणून. आणि त्यात माद्या किती निघतील, त्यांचं पुढे काय करायचं, हेही नर लावायच्या आधी बोलून घ्या.