"चार हजारात कोल्हापूर": आधी मीटर कुणाच्या भिंतीवर आहे ते सांगा

विद्यानगर_मागची_गल्ली
काल इथं एकानं टाकलंय, 'कोल्हापुरात विद्यार्थ्याचा महिना चार हजारात आरामात निघतो. ज्याचा निघत नाही त्यानं चहा-वडा कमी करावा आणि शिस्त लावून घ्यावी.' खाली टाळ्याच टाळ्या. तेव्हापासून डोकं तापलंय.

माझा हिशोब घ्या. सागरमाळाला कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चार कॉट, माझ्या कॉटचे 1,800. मेस 2,600. इथंच 4,400 झाले. लाईटबिल, नेट, साबण, झेरॉक्स अजून लांबच. चहा मी पीतच नाही. आता शिस्त नेमकी कुठं लावू?

खरं दुखणं लाईटबिलाचं. खोलीला सबमीटर आहे, म्हणजे मालकाच्या मुख्य मीटरखाली खोलीपुरतं छोटं मीटर, आणि मालक युनिटला सरसकट 13 रुपये लावतात. चौघांत मिळून महिन्याला 75-80 युनिट जातात. स्वतंत्र मीटर असतं तर शंभराच्या आत, सगळ्यात खालच्या दरात बसलो असतो. शंभराच्या वरचा दर जवळपास दुप्पट आहे. आम्ही पंखे बंद करून शंभराच्या आत राहायचं आणि पैसे मात्र वरच्या टप्प्याचे मोजायचे. मागच्या महिन्यात बिल दाखवा म्हटलं, तर उत्तर आलं, 'परवडत नसेल तर दुसरी खोली बघ.'

बावड्यातले_काका
मालक म्हणजे दरोडेखोर, हे धरूनच लिहिलंस. माझ्याकडं वरच्या मजल्यावर सहा पोरं आहेत, मीटर एकच. आमच्या घरचीच 110 युनिटं होतात, त्यामुळं पोरांचं प्रत्येक युनिट वरच्या दरात पडतं. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा), स्थिर आकार आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. तुझे ते 13 रुपये काय माझ्या खिशात जातात?

आणि गीझर! 2,000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. सहा पोरं ओळीनं आंघोळ करतात आणि शेवटचा बटण बंद करायचं विसरतो. तो शेवटचा कोण, हे आजवर एकाही पोराला माहीत नाही.

विद्यानगर_मागची_गल्ली
काका, तुमची युनिटं खाली आणि आमची वर, हे कुणी ठरवलं? आमची आधी धरा आणि तुमची वर ठेवा की.

बावड्यातले_काका
घर माझं आहे म्हणून.

टाकाळ्यावरची
बघा, आलं की नाही तोंडातून.

कळ्याची_गाडी
मेसला 2,600 देणाऱ्यानं रडू नये, स्पष्ट सांगतो. माझा डबा तीन वर्षं एसटीनं आला. सकाळी आई गाडीत ठेवायची, मी रंकाळा स्टँडवर जाऊन घ्यायचो, रिकामा डबा परतीच्या गाडीला. पिशवीला लाल चिंधी बांधलेली, म्हणजे गर्दीत सापडायची. जेवणाचा खर्च शून्य. आजकालच्या पोरांना स्टँडपर्यंत चालायचा कंटाळा.

टाकाळ्यावरची
शून्य? तुझी आई किती वाजता उठत होती?

कळ्याची_गाडी
चारला. मग? घरात स्वयंपाक होतोच की. दोन भाकरी जास्त टाकायच्या.

टाकाळ्यावरची
आमच्या घरी दादाचा डबा असाच जायचा. सहाची गाडी चुकू नये म्हणून आई सव्वातीनला चूल पेटवायची. तिला ताप आला की मी उठायचे, दहावीच्या वर्षात. दादाचं शिक्षण 'स्वस्तात झालं' असं सगळा पै-पाहुणा सांगतो. मी शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा मात्र डबा नको, मेस लाव, कारण 'पोरीनं रोज स्टँडवर कशाला जायचं'. तेव्हा तुझा शून्य जरा नीट मांड.

कळ्याची_गाडी
माझ्या आईला मधी आणायचं काम नाही.

टाकाळ्यावरची
तूच आणलीस, लाल चिंधीसकट.

शिवाजी_पेठ_1978
भांडू नका. ज्या गावात शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, त्या गावात पोरं कॉटसाठी मालकाच्या पाया पडतायत. आमच्या वेळी बोर्डिंगात पहाटे तालमीत जोर काढून...

सबमीटर_सताड
आजोबा, तालीम नंतर. मुद्दा राहिला बाजूला.
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. टप्पा ओलांडला म्हणून अख्खं बिल वरच्या दरानं येत नाही, फक्त शंभराच्या वरची युनिटं येतात. म्हणजे पहिली शंभर युनिटं स्वस्तच पडली, त्यांचा फायदा काका एकटे खातात. एकूण बिल भागिले एकूण युनिट करा, जो सरासरी दर येईल तो सगळ्यांना लावा. दर महिन्याला बिलाचा फोटो ग्रुपवर. आमच्या राजेंद्रनगरच्या मालकीणबाईंनी हे केल्यावर आमचा दर सरळ खाली आला.

आणि बाकीच्यांनो, करार केलाय का? 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. माझं 5,000 डिपॉझिट एका मालकानं 'रंगकाम' म्हणून गिळलं. भिंतीवर एक खिळा होता, तोही त्यांच्याच कॅलेंडरचा.

टाकाळ्यावरची
कायदा ठीक आहे भावा. पण मुलींना खोली देणारी घरं आधीच मोजकी. कलम 55 काढलं की मालकीणबाई म्हणणार, बाळ, तू दुसरीकडं बघ. साडेसातला गेट बंद होतं म्हणून मी संध्याकाळचं काम सोडलं, तो तोटा कुणाच्या बिलात येत नाही.

चारहजारी
मूळ पोस्ट माझी. एवढं चिडायला काय झालं? मी आकडे खरे दिलेत.

विद्यानगर_मागची_गल्ली
मग भाडं किती देतोस ते लिही.

चारहजारी
खोली मामांची आहे. भाडं असं नाही.

बावड्यातले_काका
😂😂

विद्यानगर_मागची_गल्ली
आणि लाईट?

चारहजारी
तेही मामाच भरतात. पण पेट्रोल माझं मी घालतो.

विद्यानगर_मागची_गल्ली
नाद खुळा. मामाला सांग, अजून तीन कॉट टाक म्हणावं.

कळ्याची_गाडी
ह्यापेक्षा गावाकडनं अप-डाऊन करावं. एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो. (आणि टाकाळ्यावरची, आईला आत्ता फोन लावला होता. ती म्हणाली चार नव्हे, साडेतीन.)

टाकाळ्यावरची
एवढ्या लवकर मान्य? बरं वाटलं.

कळ्याची_गाडी
मान्य नाही. फक्त वेळ दुरुस्त केली.

बावड्यातले_काका
ते भागाकाराचं रात्री करून बघितलं. सरासरी 13 पेक्षा कमी येते, लई कमी नाही. पुढच्या महिन्यापासून बिलाचा फोटो टाकतो. पण गीझरचा मेन स्विच खाली माझ्या जिन्याजवळ घेतलाय, सातनंतर बंद म्हणजे बंद.

विद्यानगर_मागची_गल्ली
काका, तुमच्याकडं एखादी कॉट रिकामी होणार असेल तर सांगा.

बावड्यातले_काका
आंघोळीला कितवा असतोस ते आधी सांग.