ओबॉशचा डेक: दुसरा टर्न रिकामा जातोय, नेमकं काय बदलू?

जुळे_सोलापूर

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या अरीना अ‍ॅपवर, हिस्टॉरिक प्रकारात, ओबॉश द प्रेपियर्सर कंपॅनियन (डेकबाहेर वेगळा ठेवलेला, डावात नंतर घेता येणारा प्राणी) ठेवून नुसता लाल डेक बांधला आहे. अट अशी की लँड सोडून सुरुवातीच्या डेकमधल्या प्रत्येक कार्डाची मॅना व्हॅल्यू (कार्ड खेळायची किंमत; ती लँडमधून मिळणाऱ्या मॅनात देतात) विषम पाहिजे. बदल्यात ओबॉश टेबलावर असेपर्यंत आपल्या विषम कार्डांचं डॅमेज दुप्पट होतं.

आत्ताचे ६० असे: स्विफ्टस्पीअर ४, शॉक ४, कुमानो फेसेस काक्काझान ४, लीजन वॉरबॉस ४, गॉब्लिन चेनव्हर्लर ४, फेबल ऑफ द मिरर-ब्रेकर ४, अ‍ॅनॅक्स ४, ग्लोरीब्रिंगर ४, सीज-गँग कमांडर ४, लँड २४. लँडमध्ये डेन ऑफ द बगबेअर ४ आणि रामुनाप रुइन्स ४, बाकी माउंटन.

अडचणी तीन. दुसरा टर्न बहुतेक वेळा काहीच न करता जातो. ओबॉश टेबलावर येईपर्यंत डाव हातातून गेलेला असतो. आणि ओबॉश आल्यावरही वॉरबॉसच्या गॉब्लिनचं डॅमेज दुप्पट होत नाही, हा बग आहे का? बेस्ट-ऑफ-थ्रीमध्ये (तीन डावांचा सामना) साइडबोर्डातून (दोन डावांच्या मध्ये बदलायची राखीव कार्डं) अब्रेड आत घेतलं की ओबॉश गायब होतो, तेही कळलं नाही.

आम्ही सोलापुरातले चार-पाच जण फोनवरच खेळतो, वाइल्डकार्ड (ज्यांच्या बदल्यात हवं ते कार्ड बनवता येतं) मोजकीच आहेत. त्यामुळे कुठलं कार्ड आधी बनवायचं तेही सांगा.

सातरस्ता

बग नाही. टोकनला (दुसऱ्या कार्डाने तयार केलेला प्राणी) मॅना कॉस्ट नसते, म्हणून त्याची मॅना व्हॅल्यू ०, आणि ० ही सम संख्या. वॉरबॉसचे गॉब्लिन, सीज-गँगचे गॉब्लिन, फेबलचा पहिला शमन, कुणाचंच डॅमेज दुप्पट होणार नाही. लँडचंही तसंच. डेकच्या अटीतून लँडला सूट आहे, पण दुप्पट होण्यासाठी सूट नाही. डेन ऑफ द बगबेअर जिवंत होऊन हल्ला करो की रामुनाप रुइन्स डॅमेज देवो, दोन्ही ०, म्हणजे साधंच डॅमेज.

पण डॅमेज कोण देतंय ते दरवेळी नीट वाचा. सीज-गँग गॉब्लिन फेकतो तेव्हा डॅमेज देणारा स्वतः सीज-गँग असतो. तो ५ चा, विषम. म्हणून तिथे २ चे ४ होतात. तोच गॉब्लिन चालत जाऊन मारतो तेव्हा १ चा १. कॉपी टोकनची गोष्ट वेगळी: फेबलच्या मागच्या बाजूच्या रिफ्लेक्शन ऑफ किकी-जिकीने चेनव्हर्लरची कॉपी केली तर कॉपीलाही ३ च मॅना व्हॅल्यू, म्हणजे दुप्पट चालू.

अब्रेड २ चं आहे. साइडबोर्डात काहीही ठेवता येतं, अट फक्त खेळायला घेतलेल्या डेकला आहे. पण दुसऱ्या डावाला एक जरी सम कार्ड आत आलं की त्या डावापुरता कंपॅनियन मिळत नाही. ग्रेव्हयार्ड (वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) वापरणाऱ्या डेकविरुद्ध टॉर्मॉड्स क्रिप्ट चालत नाही (पुन्हा तेच, ० सम), सोल-गाइड लँटर्न आणि ग्राफडिगर्स केज १ ची, ती चालतात. लाल डेकविरुद्ध रेडकॅप मेली १ चं आहे, बिनधास्त घ्या.

चादर_आणि_चेनव्हर्लर

दुसऱ्या टर्नचं बोलू, कारण खरं दुखणं तिथंच आहे. २ ची सगळी कार्डं गेली म्हणजे दुसऱ्या टर्नला करायला दोनच गोष्टी उरतात: १ ची दोन कार्डं एकदम टाकणं, किंवा डेकमध्ये विषम दिसणारं पण २ मॅनात खेळता येणारं काहीतरी.

पहिल्याचा हिशेब बघा. पहिल्या टर्नला एक आणि दुसऱ्याला दोन, म्हणजे दुसऱ्या टर्नपर्यंत हातात १ ची तीन कार्डं लागतात. पहिली पाळी तुमची असेल तर तोवर ८ कार्डं पाहिलेली असतात. ६० मध्ये १ ची १२ असतील तर निदान तीन मिळण्याची शक्यता साधारण १९ टक्के. १६ असतील तर ३६, २० असतील तर ५४, २४ असतील तर ७०. तुमच्याकडे १२ आहेत, म्हणजे पाचपैकी चार डावांत दुसरा टर्न वाया. ताणाच विरळ भरला तर बाणा कितीही चांगला असो, चादर घट्ट येत नाही. ग्लोरीब्रिंगर चारच्या चार ठेवून हे सुटणार नाही.

दुसऱ्यासाठी बोनक्रशर जायंट. हे कार्ड तुमच्या यादीत नाही याचंच नवल वाटलं. डेकमध्ये त्याची मॅना व्हॅल्यू ३, कारण अ‍ॅडव्हेंचर कार्डाची (एकाच कार्डावर प्राणी आणि स्पेल दोन्ही) व्हॅल्यू प्राण्याच्या बाजूने मोजतात. पण दुसऱ्या टर्नला तेच कार्ड स्टॉम्प म्हणून २ मॅनात टाकता येतं, २ डॅमेज, आणि नंतर ४/३ चा (ताकद ४, टिकाव ३) जायंट मिळतो तो वेगळाच. ओबॉशच्या डेकमध्ये अटीला धक्का न लावता २ चं कार्ड आणायचा हा सगळ्यात सरळ रस्ता. फक्त एवढं लक्षात ठेवा की स्टॉम्प म्हणून टाकताना ते २ चं असतं, त्यामुळे ओबॉश असला तरी स्टॉम्पचं डॅमेज २ च राहतं. जायंटला कुणी स्पेलने टार्गेट केलं तर मात्र टाकणाऱ्याला २ ऐवजी ४ बसतात.

लाइट अप द स्टेजही याच जातीचं. व्हॅल्यू ३, पण समोरच्याचं लाइफ त्या टर्नला कमी झालं असेल तर १ मॅनात. पहिल्या टर्नला कुमानो, दुसऱ्याला कुमानोच्या दुसऱ्या चॅप्टरवर स्विफ्टस्पीअर एका +१/+१ काउंटरसह, लगेच हल्ला, डॅमेज बसलं की उरलेल्या एका मॅनात लाइट अप. दोन कार्डं बाहेर येतात आणि पुढच्या टर्नअखेरपर्यंत खेळता येतात. मात्र त्या टर्नचं लँड हातातून आधीच टाकू नका, वरून लँड निघालं तर तेच टाकता आलं पाहिजे.

कडक_भाकरी

लँडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. झेंडिकार रायझिंगमधली दोन तोंडांची कार्डं या डेकसाठीच केल्यासारखी आहेत. त्यांची मॅना व्हॅल्यू पुढच्या बाजूने धरतात. स्पाइकफील्ड हॅझर्ड १ चं, १ डॅमेज देतं, मागे लँड. काझूल्स फ्युरी ३ चं, मागे लँड. दोन्ही विषम. शॅटरस्कल स्मॅशिंग मात्र चालत नाही. त्याची कॉस्ट एक्स आणि दोन लाल, डेकमध्ये एक्स म्हणजे ०, मग व्हॅल्यू २.

याने काय होतं ते आकड्यात: नुसते २१ लँड असतील तर पहिली पाळी असताना पाचव्या टर्नपर्यंत ५ लँड मिळण्याची शक्यता ३२ टक्के. २१ लँड अधिक ४ हॅझर्ड अधिक २ फ्युरी, म्हणजे लँड होऊ शकणारी २७ कार्डं, की तीच शक्यता ६२ टक्के. आणि जास्तीचे लँड आले तरी ती सहा कार्डं स्पेल म्हणून खपतात. ती लँड म्हणून टॅप होऊन येतात (त्या टर्नला मॅना देत नाहीत) एवढी किंमत आहे, म्हणून पहिल्या टर्नला १ चं कार्ड हातात असेल तर हॅझर्ड लँड म्हणून टाकू नका.

माझ्या मते ६० असे असावेत: स्विफ्टस्पीअर ४, फर्व्हंट चॅम्पियन ४, कुमानो ४, प्ले विथ फायर ४, स्पाइकफील्ड हॅझर्ड ४, बोनक्रशर जायंट ४, चेनव्हर्लर ४, फेबल ४, लाइट अप द स्टेज ३, काझूल्स फ्युरी २, ग्लोरीब्रिंगर २, लँड २१. लँडमध्ये डेन फार तर २, बाकी माउंटन, कारण आधीच दोन किंवा जास्त लँड असतील तर डेन टॅप होऊन येतं. शॉकच्या जागी प्ले विथ फायर, कारण डॅमेज तेवढंच आणि खेळाडूला मारलं तर स्क्राय १ (डेकचं वरचं कार्ड बघून हवं तर तळाला ठेवणं) वर मिळतो.

फ्युरीची एक चूक फार जण करतात. बळी म्हणून ओबॉशच देतात. बळी ही कॉस्ट आहे, स्पेल लागू होईपर्यंत ओबॉश गेलेला असतो, आणि डॅमेज ३ च होतं. ग्लोरीब्रिंगरचा बळी दिला तर ४ चे ८. टोकनचा दिला तरी डॅमेज फ्युरी देते, म्हणून तेही दुप्पट.

सातरस्ता

यादी पटली, एक सोडून. बेस्ट-ऑफ-थ्रीसाठी २२ लँड करा आणि लाइट अप २ वर आणा. बेस्ट-ऑफ-वनमध्ये अरीना सुरुवातीला एकापेक्षा जास्त हात काढून त्यातला लँडच्या प्रमाणाला जवळचा हात देतं, म्हणून तिथे २१ वर भागतं. थ्रीमध्ये तशी मदत नाही. वर दिलेली टक्केवारीही साध्या पिसण्याची आहे.

हुतात्मा_बाग

ओबॉश उशिरा येतो याचं कारण बहुधा खेळण्यात आहे. नेटवर सापडणाऱ्या एप्रिल-मे २०२० मधल्या याद्या बघून खेळू नका. तेव्हा कंपॅनियन बाहेरून थेट कास्ट करता यायचा. जून २०२० पासून आधी ३ मॅना देऊन तो हातात घ्यावा लागतो, तेही आपल्या मेन फेजमध्ये, स्टॅक (टाकलेली पण अजून लागू न झालेली कार्डं) रिकामा असताना. म्हणजे ३ अधिक ५, एकूण ८. आठ लँडची वाट बघत बसाल तर डाव संपलेला असेल.

हे दोन हप्त्यांत द्यायचं. चौथ्या टर्नला ४ लँड: ३ देऊन ओबॉश हातात, उरलेल्या १ मध्ये एक छोटं कार्ड. पाचव्याला ओबॉश. पण टेबलावर तुमचे दोन तरी प्राणी असतील तरच चौथ्याला हे करा. रिकाम्या टेबलावर ओबॉश म्हणजे पाच मॅनाचा ३/५, जो हल्ल्यात ६ मारतो, बस. अशा वेळी चौथ्याला जायंट किंवा फेबल टाका आणि ओबॉश सहाव्यावर ढकला.

सहाव्या टर्नचं एक चित्र डोळ्यासमोर ठेवा. टेबलावर स्विफ्टस्पीअर, चॅम्पियन आणि कुमानोचा २/२ एचिंग, हातात ओबॉश आणि प्ले विथ फायर, लँड ६. हल्ल्याआधी ओबॉश. मग तिघांचा हल्ला. ब्लॉक ठरल्यावर प्ले विथ फायर. प्राउएसने (प्राणी नसलेलं कार्ड टाकलं की त्या टर्नपुरती ताकद एकाने वाढते) स्विफ्टस्पीअर २ ची होते. कुणी अडवलं नाही तर ४ अधिक २ अधिक ४, आणि प्ले विथ फायरचे ४, एकूण १४. ओबॉश नसता तर हेच ७. एचिंग हे कुमानोचं मागचं तोंड, त्याची व्हॅल्यू १ च राहते, म्हणून तेही दुप्पट.

काळ्या डेकविरुद्ध घाई नको. बाहेर असलेल्या कंपॅनियनला कुणी हात लावू शकत नाही, आणि ३ मॅना देऊन घेणं रद्दही करता येत नाही. पण एकदा हातात आला की थॉटसीझने (हातातलं कार्ड टाकायला लावणारं काळं कार्ड) जातो. त्यांचा हात संपत आला की मगच घ्या.

जुळे_सोलापूर

खूप कामाचं मिळालं. दोन शंका. बेनफायर एक दोन घालू का, एक्स आणि एक लाल, म्हणजे डेकमध्ये १ धरायचं ना? आणि ओबॉश ६० मध्येही एखादा ठेवायचा का?

सातरस्ता

बेनफायर डेकमध्ये १, अट पाळतं. पण स्टॅकवर एक्स धरून मोजतात. एक्स ४ ठेवला तर व्हॅल्यू ५, विषम, डॅमेज ८. एक्स ५ ठेवला तर व्हॅल्यू ६, सम, डॅमेज ५ च. एक मॅना जास्त देऊन तीन डॅमेज कमी! ओबॉश असताना एक्स नेहमी सम ठेवा. एक पुरे, फ्युरीच्या एका कार्डाच्या जागी.

मेनमध्ये ओबॉश नको. तो लेजेंडरी, एका वेळी एकच टिकतो, आणि सुरुवातीच्या हातात पाचचं कार्ड या डेकला परवडत नाही. डेक एडिटरमध्ये कंपॅनियनची वेगळी जागा आहे, तिथे ठेवलाय ना ते एकदा बघा. नुसता ६० मध्ये टाकलेला ओबॉश साधं कार्ड राहतो.

कडक_भाकरी

वाइल्डकार्डचा क्रम: आधी बोनक्रशर जायंट ४, रेअर. चेनव्हर्लर आणि फेबल तुमच्याकडे आहेतच. हॅझर्ड, फ्युरी, प्ले विथ फायर, लाइट अप सगळी अनकॉमन, ती लगेच बनवा. फर्व्हंट चॅम्पियन रेअर आहे, ते शेवटी. तोवर तिथे शॉक ४ राहू द्या, १ च्या कार्डांची संख्या २० च राहते. सीज-गँग आणि अ‍ॅनॅक्स काढताना हळहळू नका.

बनवण्याआधी कार्डावरची कॉस्ट अरीनामध्येच बघून घ्या. हिस्टॉरिकमध्ये बदललेल्या डिजिटल आवृत्त्या चालतात, आणि कॉस्ट एकाने जरी बदललेली असली तरी तुमच्यासाठी ते कार्ड बाद.

हुतात्मा_बाग

फोनवर खेळता म्हणून एक. स्टॉम्प आणि हॅझर्ड दोन्ही इन्स्टंट आहेत, समोरच्याच्या टर्नला टाकता येतात. पण अरीना बऱ्याचदा आपोआप पास करून पुढे जातं. समोरच्याच्या एंड स्टेपवर स्टॉप लावून ठेवा, नाहीतर दुसऱ्या टर्नचे ते २ मॅना पुन्हा वायाच जातील.