सरकारी सांख्यिकी कार्यालयांत नव्या पद्धतींना वाव कसा द्यावा?

प्रश्न – आकडेमोड

नमस्कार. मी जिल्हा पातळीवरील एका सांख्यिकी कार्यालयात काम करतो. कागदी अनुसूचीऐवजी (प्रश्नावलीऐवजी) टॅबलेट आल्यापासून माहिती भरतानाच विसंगती लक्षात येते, हा मोठा लाभ आहे. मात्र प्रश्नांचा क्रम, कुटुंबाला द्यायच्या भेटींची संख्या किंवा प्रशासकीय नोंदींचा (इतर कार्यालये व संस्थांकडे आधीच असलेल्या माहितीचा) वापर यांविषयी खालून आलेली कोणतीही सूचना ‘मागील वर्षांशी तुलना बिघडेल’ एवढ्या कारणाने बाजूला पडते. ही भीती निराधार नाही, हे मला मान्य आहे. तरीही तुलनीयता सांभाळून प्रयोगाला जागा कशी करावी आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या बदलांची दखल कशी घेतली जावी, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ – जुनी_फेरी

या भीतीमागे राष्ट्रीय नमुना पाहणीचा, म्हणजे निवडक कुटुंबांना खर्च वगैरे विचारून फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या सरकारी पाहणीचा, एक अनुभव आहे आणि तो नीट समजून घेतला, तर प्रयोग कसा करावा हेही त्यातूनच कळते. 1994 ते 1998 या काळातील 51 ते 54 या लहान (कमी कुटुंबांच्या) फेऱ्यांत कुटुंबांचे दोन गट केले होते. एका गटाला सर्व खर्च मागील 30 दिवसांचा विचारला. दुसऱ्याला अन्नाचा खर्च 7 दिवसांचा, तर कपडे आणि टिकाऊ वस्तूंचा 365 दिवसांचा. अल्प कालावधीच्या प्रश्नाने अन्नावरील खर्च लक्षणीयरीत्या जास्त नोंदवला गेला. एका कुटुंबाला एकच पद्धत लावल्यामुळे हा फरक स्वच्छ दिसला.

1999–2000 च्या 55 व्या फेरीत मात्र अन्नासाठी 7 आणि 30 दिवसांचे रकाने शेजारी शेजारी ठेवून दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला विचारले गेले. एका उत्तराचा प्रभाव दुसऱ्यावर पडला आणि दोन्ही आकडे एकमेकांजवळ सरकले. दारिद्र्याचे अधिकृत प्रमाण 1993–94 मधील 36 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आले. त्यातील किती घट खरी आणि किती प्रश्नाच्या मांडणीमुळे, यावर अर्थतज्ज्ञ पुढे अनेक वर्षे वाद घालत राहिले. नुकसान नव्या पद्धतीमुळे झाले नाही, ती मुख्य पाहणीतच जुन्या पद्धतीत मिसळल्यामुळे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. 2009–10 आणि 2011–12 मध्ये दोन प्रकारच्या अनुसूची पुन्हा वेगवेगळ्या कुटुंबांवर समांतर चालवल्या गेल्या, तेव्हा असा गोंधळ झाला नाही.

उत्तर २ – नमुना_पुणे

वरील मुद्द्याला शेतीतील एक जुने उदाहरण जोडतो. पीक कापणी प्रयोगात शेताचा मोजलेला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढतात. चाळीसच्या दशकात या तुकड्याच्या आकारावरून महालनोबिस आणि पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांत तीव्र मतभेद झाले. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणी कापणी होते. साताऱ्याच्या बुध गावचे सुखात्मे कृषी संशोधन परिषदेत होते. तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते, हे त्यांनी लहान-मोठ्या तुकड्यांची तुलना करून दाखवले. आज पीक विम्याची भरपाई मुख्यतः याच प्रयोगांच्या आकड्यांवर ठरते, त्यामुळे हा वाद आपल्या शेतकऱ्यांपासून मुळीच दूर नाही. उपग्रह चित्रांवरून काढलेले अंदाजही याच रीतीने, प्रत्यक्ष कापणी झालेल्या शेतांवर पडताळून मगच स्वीकारावेत.

उत्तर ३ – विदा_आणि_विश्वास

युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय, युरोस्टॅट, अपक्व पद्धतीचे आकडे ‘प्रायोगिक सांख्यिकी’ या वेगळ्या नावाखाली प्रसिद्ध करते, त्यामुळे वाचकाला ते कितपत वापरावेत हे कळते. आपल्याकडेही असे दालन असावे. प्रशासकीय नोंदींबाबत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. 2018 मध्ये कॅनडाच्या सांख्यिकी कार्यालयाने सुमारे 5 लाख घरांच्या बँक व्यवहारांची माहिती बँकांकडून मागवण्याचे ठरवले. लोकांना ते बातम्यांतून कळले, संताप उसळला आणि प्रकल्प थांबवावा लागला. माहिती मागवण्याचा कायदेशीर अधिकार असला तरी लोकांना आधी विश्वासात घेणे टळत नाही.

उत्तर ४ – जुनी_फेरी

कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा प्रश्न राहिला होता. क्षेत्रीय कामाचा मोठा भाग आता कंत्राटी प्रगणकांकडे आहे आणि कोणत्या प्रश्नावर माणसे अडखळतात, कोठे अंदाजाने उत्तर देतात, हे तेच सर्वांत आधी ओळखतात. कंत्राट संपले की हे ज्ञानही त्यांच्याबरोबर निघून जाते. म्हणून प्रत्येक फेरीअखेर त्यांच्यासोबत बैठक घ्यावी, सुचवलेला प्रत्येक बदल सुचवणाऱ्याच्या नावासह नोंदवावा आणि तो स्वीकारला किंवा नाकारला, तर त्याचे कारण लेखी द्यावे. स्वीकारलेला बदल मुख्य नमुन्याला हात न लावता, वेगळ्या काढलेल्या थोड्या गावांत आणि प्रभागांत आधी चालवावा. आपण वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवणार असाल, तर या वेगळ्या नमुन्याचा खर्च त्यात स्वतंत्रपणे दाखवा, कारण तरतूद नसली की मान्य झालेला प्रयोगही कागदावरच राहतो.