मदत हवी आहे: कुत्र्याला न घाबरवता घाबरलेला कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे. लाकडी जिना, माळा, मागे बुजवलेली विहीर, म्हणजे भयपटाचा सेट फुकटात. बेन लिओनबर्गचा 'गुड बॉय' (2025) पाहिल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा, सगळा कुत्र्याच्या नजरेतून. घरातलं काहीतरी त्याला दिसतं, मालकाला नाही. आमची आजी हेच सांगायची, रात्री कुत्रं रडलं की त्याला यमदूत दिसला म्हणून. तिच्या हातात कोणी कॅमेरा दिला नाही, इतकंच.

तर मोबाइलवर दहा मिनिटांची फिल्म करतोय. नायक आमचा भुऱ्या, गल्लीतूनच घरात आलेला. त्याने माळ्याच्या दाराकडे बघायचंय, पण तो माझ्याकडे बघून शेपूट हलवतो. ते गोल शेपूट असं नाचतं की भुतालाही हसू येईल. पुतण्या म्हणाला, सुतळी बॉम्ब लावू. त्याला हाकलला. दिवाळीत भुऱ्या पलंगाखालून निघत नाही, माहितीये. ट्रेनर परवडत नाही. काय करू?

जीरावन_मारके: अहो भिया, घाबरवायचंच कशाला? सिनेमातला इंडी (नाव ऐकून मला इंदूरचाच वाटला) लिओनबर्गच्या घरचाच कुत्रा आहे, शिकवलेला नट नाही. कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हे करून ठेवलंय. नटाचा तोच कोरा चेहरा, पण शेजारी सूप दाखवलं तर भुकेला वाटतो, शवपेटी दाखवली तर दुःखी. भुऱ्या पोळीकडे टक लावून बघतो तेव्हा टिपा, पुढच्या शॉटला माळ्याचं दार.

रामबागकर (धागाकर्ता): पोळी पाहून शेपूट दुप्पट हलतं हो.

जीरावन_मारके: मग फक्त तोंड घ्या. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे तुम्ही फरशीवर पालथे. कंबरेला मलम आणून ठेवा.

कात्री: संकलनात आयुष्य गेलं म्हणून सांगते. आपल्याला 20 हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, कुत्र्याला 40 हजारांच्याही पुढचं, म्हणजे आपल्या कानांपलीकडचे टिपेचे बारीक सूरही. तेव्हा मोठा आवाज लागतच नाही. दाराआड कोणाला तरी बसवा, कागद एकदाच चुरचुरवा, कान ताठ होतील. तीनदा केलंत की त्याला डाव कळतो, मग त्या दिवशी विसरा. आणि घाई नको. त्या सिनेमाचं शूटिंग तीन वर्षांत मिळून 400 दिवस चाललं. तुम्ही रविवारी दुपारी उरकायला निघालात.

काळा_कोट: घरच्या घरी दाखवणार असाल तर ठीक. थिएटरचा विचार असेल तर 2001 च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी लागते. शूटिंगच्या आधी, नंतर नाही. कुत्रा घरचा असला तरी.

रामबागकर: कात्रीताई, जमलं! पुतण्याला दाराआड बसवून शेवेची रिकामी पुडी चुरचुरवली. भुऱ्या सात सेकंद दाराकडे, कान ताठ, मान तिरकी. शेपूट फ्रेमबाहेर. मग पुतण्या शिंकला.

आता नवी अडचण. शेपूट दिसत नाही, पण लाकडी जिन्यावर आपटतंय ते धप धप रेकॉर्ड झालंय. काढून टाकू, की भुताची पावलं म्हणून ठेवू?