अडेनियमचा बुंधा पावसाळ्यात मऊ पडतोय, वाळवंटातलं झाड सडतं कसं?

गच्चीबाग: कोकणपट्टी. १० इंची प्लास्टिकची कुंडी, निम्मी लाल माती, निम्मं शेणखत. जुलैपासून पानं पिवळी पडून गळतायत, बुंध्याला खालून दाबलं की बोट रुततं. पाऊस तर तिकडेही पडतोच ना?

खडकमाती: पडतो, पण मुळाशी थांबत नाही. अडेनियम ओबेसम सेनेगलपासून सोमालिया-केनियापर्यंत आणि समुद्रापलीकडे येमेन-ओमानमध्ये वाढतं. नावही येमेनच्या एडन शहरावरूनच आलं. तिथे ते खडकाळ उतारांवर, कातळाच्या भेगांत रुजतं. ओमानच्या धोफार डोंगरात जून ते सप्टेंबर धुकं आणि भुरभुर असते, तरी तिथे ते टिकतं, कारण पाणी लगेच निथळतं. तुमच्या कुंडीत शेणखत आणि चिकट माती पाणी धरून ठेवतात, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते.

आजच झाड उपटा, मुळं धुवा. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने तपकिरी भाग कापत जा, आतला गर पांढरट आणि घट्ट लागेपर्यंत. दर कापाआधी ब्लेड पुन्हा पुसा. एक तपकिरी ठिपका राहिला तरी सड परत वर चढते. कापावर बुरशीनाशक पावडर लावून झाड सावलीत, वाऱ्यावर ८-१० दिवस टांगून ठेवा. काप कडक वाळला की लावा, पहिलं पाणी आठवड्याने. हातमोजे घालाच. कापताना निघणारा चीक हृदयावर परिणाम करणारं विष आहे, आफ्रिकेत शिकारी तो बाणांना लावत.

विटकर: मिश्रण: ४ ते ८ मिमी चाळलेला विटांचा चुरा २ भाग, जाड नदीची वाळू १, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धा, जुनं कंपोस्ट अर्धा. चुऱ्यातली बारीक भुकटी धुऊन काढा, नाहीतर तीच तळाशी बसून भोकं बुजवते. समुद्राची वाळू नको, मीठ असतं.

गच्चीबाग: वाचलं तर फुलं कधी?

खडकमाती: यंदा अपेक्षा नको, आधी मुळं धरू द्या. मूळ ठिकाणी कोरड्या दिवसांत पानं झडतात आणि बिनपानाच्या फांद्यांवर फुलं येतात. म्हणून हिवाळ्यात पाणी तोडा, फेब्रुवारीअखेर छाटणी करा, रोज किमान ६ तास थेट ऊन द्या. पावसाळाभर पत्र्याखाली किंवा पारदर्शक छपराखाली ठेवा.

विटकर: कळ्यांवर पिवळा मावा बघत राहा, कण्हेरीवर असतो तोच. दोन्ही एकाच कुळातली. कण्हेर शेजारी असेल तर कुंडी आधी तिथून हलवा.