‘कॉर्पोरेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

ओसरी: आमच्या वाचनकट्ट्यावर ‘द कॉर्पोरेशन’ हा २००३चा कॅनडातला माहितीपट दाखवायचा आहे. बहुतेक मंडळी सत्तरीची, म्हणून मराठी उपशीर्षकं मी करते आहे. त्यातला युक्तिवाद असा: कायदा कॉर्पोरेशनला ‘व्यक्ती’ मानतो ना, मग त्या व्यक्तीचा स्वभाव मनोविकारांच्या निदानसूचीवर तपासू. दुसऱ्याची पर्वा नाही, फायद्यासाठी खोटं बोलणं, अपराधी न वाटणं... निदान निघतं सायकोपाथ. मी कोशातला ‘महामंडळ’ घातला. बाबांनी पहिली दहा मिनिटं पाहिली आणि दुखावले. तीस वर्षं एसटीत वाहक होते. म्हणाले, “आमच्या महामंडळानं कुणाचं काय वाईट केलं गं?”

वाटसरू: बाबांचं बरोबर आहे. महामंडळ म्हणजे सरकारी: एसटी, आयुर्विमा. माहितीपटातल्या कंपन्या खासगी, भागधारकांच्या आहेत. रूढ झालेला ‘कॉर्पोरेशन’ तसाच ठेवा.

सातबारा: पुण्यात कॉर्पोरेशन म्हणजे महापालिका. मी कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकलो, नळाला पाणी कॉर्पोरेशनचं. याच माहितीपटात बोलिव्हियातलं कोचाबांबा आहे ना? तिथे पालिकेकडचा पाणीपुरवठा खासगी कंपनीला दिला, दर भरमसाट वाढले आणि २००० साली लोक रस्त्यावर उतरले. तिथे ‘कॉर्पोरेशनने पाणी महाग केलं’ लिहिलंत, तर आमच्याकडे नेमका उलटा अर्थ लागेल.

जुना दप्तरी: ‘कंपनी’ असताना एवढा शोध कशाला? जुन्या कागदांत ‘कुंपणी सरकार’ येतं. व्यापाराला आली नि राज्य घेऊन बसली, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मला तर वाटतं, आपण तो शब्द कुंपणावरूनच ऐकला. कुंपणच शेत खातं!

वाटसरू: ही ओढूनताणून व्युत्पत्ती झाली. कंपनीचं मूळ लॅटिन आहे, एकत्र भाकरी खाणारे.

जुना दप्तरी: मूळ लॅटिन असेल. कान मराठी आहे.

चिंचवडची सून: ‘कंपनी’ला माझा विरोध. आमच्याकडे कंपनी म्हणजे कारखाना. “हे कंपनीत गेलेत” म्हणजे फर्स्ट शिफ्टला. कंपनीची बस, कंपनीचं कॅन्टीन. सासऱ्यांनी आयुष्य लेथवर काढलं. कंपनी मनोविकृत म्हटलं की मला ती शेड दिसते, तिथली माणसं दिसतात. निर्णय घेणारं संचालक मंडळ दिसतच नाही. आणि माहितीपटाला तर तेच दाखवायचं आहे.

ओसरी: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘बडी कंपनी’ केलं तर?

वकीलवाडा: आधी ‘व्यक्ती’चं बघा. ‘विधिक व्यक्ती’, म्हणजे कायद्यापुरती व्यक्ती, असं लिहा, नाहीतर गोंधळ होईल. आपल्याकडे देवाची मूर्तीही विधिक व्यक्ती आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ते मान्य केलं.

ओसरी: ‘विधिक’ने सगळा जोर जातो. अमेरिकेत मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली आणि तिच्यातला ‘व्यक्ती’ हा शब्द कंपन्यांनी स्वतःसाठी वापरला. साधा शब्द पळवला, हाच राग आहे. तिथे मी साधा शब्दच ठेवणार.

वकीलवाडा: राग बरोबर आहे, पण परिभाषा सोडली की भाषांतर राहत नाही, भाषण होतं.

चिंचवडची सून: अजून एक. कंपनी ती, व्यक्ती ती. “ती खोटं बोलते, तिला कशाचंच काही वाटत नाही.” अख्खा माहितीपट एखाद्या बाईला बोल लावल्यासारखा वाचला जाईल. हे मला खटकतं.

सातबारा: मग ‘उद्योगसमूह’, म्हणजे ‘तो’ होईल.

वाटसरू: समूह म्हणजे अनेक कंपन्या. इथे एकेकीची गोष्ट आहे. ‘कॉर्पोरेशन’ नपुंसकलिंगी चालतं. ‘ते’ म्हणा, निर्जीव वाटेल.

माडाची सावली: ‘ते’ म्हणजे निर्जीव हे कुणी सांगितलं? आमच्या मालवणीत चेडू, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी. लहानपणी आजी माझ्याबद्दल “ता खंय गेला?” असंच विचारायची. त्यात माया होती.

जुना दप्तरी: कोकणीतही तसंच ना? गोव्यात थोरल्या बाईलाही ‘तें’ म्हणतात का, की लग्नापर्यंतच?

माडाची सावली: वयावर आहे, आणि कोण बोलतंय त्यावरही. माझ्या आत्याचं सांगते...